चिमणीचा गुडघा, पुन्हा एकदा

या शनिवारचा विषय आहे कुत्र्याचा गुडघा. ज्यांना कुत्री आवडत नाहीत त्यांनी खुशाल पुढे जावं. पण गुडघे सगळ्यांनाच असतात, आणि एकदा दुरुस्त केलेली गोष्ट परत बिघडली की काय करायचं हा प्रश्न तर आमच्या धंद्यात रोजचाच. तेव्हा वाचून बघा.

चिमणी ही आमची लॅब्रडॉर. वजन ३४ किलो. ती आठ आठवड्यांची असताना हे नाव ठेवलं होतं, तेव्हा शोभत होतं. आम्ही ऑरेगनमध्ये, पोर्टलंडच्या पश्चिमेला राहतो. इथे वर्षातले बरेच महिने पाऊस, आणि उरलेल्या महिन्यांत सगळं गाव आपापली कुत्री घेऊन डोंगरात. ऑक्टोबर २०२२ मध्ये चिमणी मागच्या उजव्या पायानं लंगडायला लागली. निदान झालं: क्रुसिएट लिगामेंट तुटलंय. फुटबॉलवाल्यांचं एसीएल जातं, तेच हे. ऑपरेशन झालं, तीन महिने सांभाळलं, बाईसाहेब खारींच्या मागे धावायला लागल्या. आणि मे २०२३ मध्ये परत लंगडणं सुरू. तोच पाय.

"म्हणजे ऑपरेशन फेल गेलं." त्या आठवड्यात हे वाक्य मी ऑफिसात, शेजारी, फोनवर, सगळीकडून ऐकलं. आता 'फेल गेलं' म्हणजे नक्की काय? आमच्याकडे कुणी 'सॉफ्टवेअर चालत नाहीये' एवढंच सांगितलं तर आपण त्याच्याकडे कसं बघतो? तसंच हे. पुढच्या दोन महिन्यांत जे शिकलो ते सगळं या एका प्रश्नाभोवती फिरत होतं.

आधी थोडं यंत्रशास्त्र. कसारा घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर पहिली उडी मारतो आणि चाकामागे धोंडा लावतो. कुत्र्याचा गुडघा म्हणजे हा सीन आहे. नडगीच्या हाडाचा माथा सपाट नसतो, मागच्या बाजूला उतरता असतो. कुत्र्यात हा उतार साधारण २५ अंशांच्या आसपास, माणसात त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय आपण उभे राहताना गुडघा सरळ करतो, कुत्रं कायम वाकवूनच उभं. म्हणजे मांडीचं हाड हा ट्रक, नडगीचा माथा हा घाटरस्ता, आणि प्रत्येक पावलाला ट्रक मागे घसरायला बघतोय. त्याला अडवून धरणारा धोंडा म्हणजे हे लिगामेंट.

माणसाचं लिगामेंट बहुतेक वेळा एका क्षणात तुटतं. चुकीचं वळलो, कट्कन आवाज, मैदानावर आडवे. कुत्र्यांचं बहुतेक वेळा तसं नसतं. धोंडा महिनोन्‌महिने झिजत असतो आणि एक दिवस अंगणातल्या साध्या उडीत जातो. लॅब्रडॉर, रॉटवायलर, न्यूफाउंडलंड या जातींत जास्त, ग्रेहाउंडमध्ये क्वचित. झीज असल्यामुळेच एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्क्यांचा दुसराही पुढे जातो असं सांगतात. (इथल्या विमा कंपन्यांना हे आपल्या आधी कळलेलं असतं. एक गुडघा गेल्यावर पॉलिसी घ्यायला गेलात तर दुसरा गुडघा 'आधीपासूनचा आजार' म्हणून वगळतात. असो.)

धोंडा गेला की दोन मार्ग. पहिला, ट्रक दोरीनं बांधायचा. सांध्याच्या बाहेरून नायलॉनचा जाड धागा टाकतात, मांडीच्या हाडामागच्या एका छोट्या हाडाभोवतून नडगीला पाडलेल्या भोकापर्यंत, आणि धातूच्या छोट्या नळीनं दाबून पक्का करतात. यासाठी मासेमारीची जाड दोर वापरत आले आहेत, गंमत नाही. १९७० च्या दशकापासून ही पद्धत रुळली आणि अजूनही भरपूर होते. चिमणीचं पहिलं ऑपरेशन हेच. यातली खुबी अशी की दोरी कायम टिकेल अशी कुणाची अपेक्षाच नसते. ती आज ना उद्या सैल पडते किंवा तुटते. तिनं फक्त काही आठवडे तग धरायचा, तेवढ्यात शरीर सांध्याभोवती जाड, चिवट व्रणाचं आवरण तयार करतं आणि मग ते आवरण गुडघा धरून ठेवतं.

दुसरा मार्ग काढला डॉ. बार्क्ले स्लोकम यांनी. हे गृहस्थ आमच्याच राज्यातले, युजीनचे. गाडीनं दोन तासांवर. त्यांचं म्हणणं असं की धोंडा परत लावत बसू नका, दोरीही नको, रस्ताच सपाट करा! गोल पात्याच्या करवतीनं नडगीचा माथा कापायचा, उतार ५-६ अंशांवर येईपर्यंत फिरवायचा आणि प्लेट-स्क्रू लावून बसवायचा. सपाट रस्त्यावर ट्रक घसरणारच नाही. १९९३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं, नाव टीपीएलओ. पेटंटही घेतलं होतं. झुरिकच्या मंडळींनी २००२ मध्ये टीटीए नावाची आणखी एक पद्धत आणली, त्यात उताराला हात न लावता वाटीखालच्या स्नायुबंधाची दिशा बदलतात. तिच्यात आज शिरत नाही.

तर मे महिना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हाडांच्या सर्जनकडे पाठवलं. या बाई मला पहिल्या दहा मिनिटांतच आवडल्या, कारण त्यांनी कुत्र्याला हात लावायच्या आधी मला विचारलं, पहिल्या ऑपरेशननंतर ती कधी बरी झाली होती का? आणि आताचं लंगडणं एका दिवसात आलं की हळूहळू?

प्रश्न साधा वाटतो. पण अर्धं निदान त्यातच असतं. जो पाय ऑपरेशननंतर कधीच बरा झाला नाही, त्यात बहुधा सुरुवातीलाच काहीतरी राहिलेलं असतं. दोरी चुकीच्या जागी, वाटी सरकतेय, किंवा मूळ दुखणं गुडघ्याचं नव्हतंच, कमरेचं किंवा पाठीचं होतं. जो पाय चांगला चालत होता आणि एका दिवसात परत लंगडला, तिथे मेनिस्कसवर संशय. आणि जो हळूहळू खाली येतोय, तिथे जंतुसंसर्ग, सैल पडलेलं सामान, नाहीतर संधिवात. माझ्याकडे एक्सेल शीट होतं. (हसू नका. रोज सकाळी शून्य ते पाच असे मार्क द्यायचो, बायको याला चिमणीचं अप्रेझल म्हणते.) मार्चपासून आकडा चारवरून हळूहळू तीन, आणि १४ मे रोजी एकदम एक. म्हणजे दोन गोष्टी एकावर एक. बाईंनी शीट खरंच वाचलं. मला फार बरं वाटलं.

मग तपासणी. चिमणीला बसायला सांगितलं, तर ती उजवा पाय बाहेर फेकून बसली. निरोगी कुत्रं टाच आत घेऊन नीट बसतं. टेप लावून मांड्या मोजल्या, उजवी तीन सेंटिमीटरनं बारीक. गुडघा वाकवताना एक बारीक 'टक्' आवाज. मग गुंगी देऊन दोन चाचण्या. एकीत मांडीचं हाड एका हातात, नडगी दुसऱ्या हातात धरून ड्रॉवर ओढावा तशी नडगी पुढे ओढतात. दुसरीत नडगी ओढत नाहीत, फक्त घोटा वाकवतात, म्हणजे पायावर भार आल्यासारखं होतं, आणि नडगी आपणहून पुढे सरकते का ते बघतात. चिमणीच्या दोन्ही चाचण्यांत हाड सरकलं. एक्सरे कमरेसकट काढले. सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासायला पाठवलं.

हे पाणी तपासणं फार महत्त्वाचं, आणि नेमकं तेच घाईत राहून जाऊ शकतं. धातूवर किंवा नायलॉनवर जंतू एकदा चिकटून थर करून बसले की अँटिबायोटिक चालू असेपर्यंत गप्प राहतात, बंद केलं की परत डोकं वर. अशा पायात दुसरी दोरी नाहीतर प्लेट घातली तर जंतूंना नवीन घर बांधून दिल्यासारखं. तिथे उपाय एकच, हाड जुळलेलं असेल तर आतलं सामान काढून टाकणं. टीपीएलओ झालेली कित्येक कुत्री अशीच नुसती प्लेट काढल्यावर ठणठणीत होतात. म्हणजे लंगडणं तेच, गुडघा तोच, पण लागणारं ऑपरेशन अगदी उलटं.

चिमणीचं पाणी स्वच्छ निघालं. बाईंचा अंदाज असा: दोरी सैल पडली, व्रणाचं आवरण ३४ किलोच्या उनाड कुत्रीला पुरलं नाही, गुडघा मार्चपासून थोडा थोडा सरकत होता, आणि १४ मेला आतल्या बाजूचा मेनिस्कस फाटला. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली कूर्चेची गादी. प्रत्येक गुडघ्यात दोन असतात. बाहेरची जरा मोकळी असते, हाड सरकलं की बाजूला होते. आतली नडगीला घट्ट बांधलेली, तिला पळता येत नाही, त्यामुळे चिरडली जाते ती बहुधा तीच.

आता करायचं काय? दुर्बिणीनं फक्त फाटलेला तुकडा काढला तर 'टक्' थांबेल, पण घाट तसाच. उरलेली गादी आणि हाडावरची कूर्चा रोज भरडली जाणार. नवीन दोरी टाकली तर पहिल्यांदा जे पुरलं नाही तेच परत. तिसरा मार्ग, जुनी दोरी काढून टीपीएलओ. बाईंचा कल इकडे. मी विचारलं, टीपीएलओ पण फसतं का? फसतं, म्हणाल्या. काहींचा गुडघा पुढे-मागे स्थिर होतो, पण पाऊल टाकताना आडवा झटका देऊन आत फिरतो. रस्ता सपाट केला तरी ट्रक बाजूला घसरतोय, असं. त्यातली बरीच कुत्री स्नायू भरले की सावरतात, म्हणून लगेच चाकू उचलायचा नाही. नाहीच सावरली तर तिथे बाहेरून दोरी घालतात. म्हणजे दोरी फसली की रस्ता, रस्ता फसला की दोरी! शिवाय कधी कापलेला माथा जुळताना परत मागे कलतो, कधी स्क्रू सैल होतो. दर वेळी उत्तर वेगळं.

घरी आलो तर खरी मीटिंग बाकी होती. आई तेव्हा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेली. तिचा उजवा गुडघा २०१८ मध्ये बदललाय, डाव्याचं 'नंतर बघू' तेव्हापासून चालू आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, मला डॉक्टरांनी चार वेळा विचारलं, मग कापलं. हिला कोणी विचारलंय? मुक्या जनावराला किती वेळा फाडणार तुम्ही?"

मी आकडे मांडायला गेलो. चिमणी आठ वर्षांची, अजून तीन-चार वर्षं धरू, त्यातले दोन महिने पिंजऱ्यात. आई म्हणाली, "आणि ते दोन महिने तिला कशासाठी ते कळणार आहे का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी बाईंना फोन करून विचारलं की काहीच केलं नाही तर? त्यांनी सरळ सांगितलं. छोटं कुत्रं असतं, दहा-बारा किलोचं, तर थांबून बघा असंही म्हणाले असते. ही ३४ किलोची आहे. वेदनाशामक, वजन कमी, छोटे फेरफटके, एवढ्यावर ती जगेल, पण रोज दुखत जगेल आणि सांधा झिजत जाईल. ऑपरेशन केलं तरी जो संधिवात झालाय तो परत जाणार नाही. आणि दुसऱ्यांदा कापणं पहिल्यापेक्षा अवघड, कारण आत सगळा जुना व्रण. पूर्ण बरी होईल असा शब्द त्यांनी दिला नाही. त्या दिवशी मला थोडा राग आला होता, पण खरं सांगायचं तर याच कारणानं मी त्यांच्यावर विश्वास टाकला.

निर्णय शेवटी आईनंच केला. तिला डाव्या गुडघ्यामुळे रात्री झोप लागत नाही. आठवडाभरानं सकाळी चहा घेताना म्हणाली, "ती रात्री चार-चार वेळा उठते रे. उठते, गोल फिरते, परत बसते. बसताना थांबते जरा. मला माहितीये ते थांबणं." मग कप खाली ठेवून, "करून टाक. पण मी इथे आहे तोवर कर."

१८ जुलै २०२३. उतार निघाला २७ अंश, आणायचा ५ वर, म्हणजे फिरवायचे २२. करवतीची त्रिज्या २४ मिलिमीटर. सर्जन लोकांकडे याचा तयार तक्ता असतो, पण मी वेटिंग रूममध्ये बसून गणित केलं: जीवा म्हणजे २ गुणिले २४ गुणिले साइन ११ अंश, सुमारे ९.२ मिलिमीटर. एवढंच सरकवायचं. एवढ्याशा अंतरासाठी सहा हजार दोनशे डॉलर! (मिलिमीटरला किती पडले ते तुम्ही काढा.) आत मेनिस्कसचा फाटका पदर निघाला, तो काढला. नायलॉनचं कडं तुटलं नव्हतं, नुसतं ढिलं होऊन बसलेलं. पहिल्या दवाखान्याचं काम नीटच होतं, बाईंनी आवर्जून सांगितलं. या वजनाला आणि या स्वभावाला दोरी कमी पडली, इतकंच.

पुढचे आठ आठवडे मी थोडक्यात उरकतो, कारण ते तसे उरकत नव्हते. हॉलमध्ये पिंजरा. गळ्यात लॅम्पशेड. पोटाखाली टॉवेलची झोळी करून अंगणात नेणं. घरात गुळगुळीत लाकडी जमीन, तिच्यावर अकरा योगा मॅट पसरलेल्या. पहिले दोन आठवडे पाच मिनिटांचा फेरा, पट्टा आखूड, पळणं नाही, उडी नाही, जिना नाही. तिसऱ्या आठवड्यात चिमणीला वाटायला लागलं की आपण बऱ्या झालो, आणि खरा धोका तिथूनच. हाड जुळायचं असतं आणि दुखणं मात्र गेलेलं असतं. डॉक्टरांनी शांत राहायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांचा उपयोग होता, पण आईचा जास्त होता. ती पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि चिमणीला नाशिकच्या नातेवाइकांची खडान्‌खडा माहिती द्यायची.

एकाच बाबतीत आमचं वाजलं. तूप लावलेली पोळी. बाईंनी वजन ३० वर आणायला सांगितलं होतं, आणि हे गुडघ्याइतकंच महत्त्वाचं म्हणून बजावलं होतं. लॅब्रडॉरवर झालेला एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झालाय. ४८ कुत्री जन्मभर पाहिली, निम्म्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, संधिवाताचे उपचारही त्यांना उशिरा लागले. आईला मी हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "बिचारी." पोळी बंद झाली. निदान माझ्यासमोर तरी.

आठव्या आठवड्यात एक्सरे. हाड जुळलेलं. मग बाईंनी माझ्यासमोर पाय हातात घेऊन ड्रॉवरची चाचणी केली, आणि नडगी सरकली! माझ्या पोटात गोळा. सहा हजार डॉलर, दोन महिने, आणि गुडघा अजून हलतोच? बाई शांत. त्यांनी दुसरी चाचणी केली, घोटा वाकवून भार दिला. नडगी जागची हलली नाही.

टीपीएलओबद्दलची ही सगळ्यात मोठी गोम. लिगामेंट तर परत बसवलेलंच नाही, त्यामुळे हातानं ओढलं की हाड सरकणारच. सपाट रस्त्यावरचा ट्रकही चार माणसांनी ढकलला तर हलतो. तो आपणहून घसरतोय का, एवढंच बघायचं. ज्या डॉक्टरला पहिलं ऑपरेशन कुठलं झालंय हे माहीत नाही, तो नुसती ड्रॉवर बघून 'गुडघा अजून अस्थिर आहे, परत करावं लागेल' असं सांगून बसू शकतो, आणि एखाद्या बऱ्या होत आलेल्या कुत्र्याला विनाकारण तिसऱ्यांदा टेबलावर जावं लागू शकतं. म्हणून माझं स्पष्ट मत, कुणी दुसऱ्या ऑपरेशनचा सल्ला दिला तर आधी विचारा की नक्की कुठल्या चाचणीवरून, आणि ती चाचणी या पायाला लागू पडते का. प्रश्न विचारला म्हणून राग येणारा सर्जन असेल तर दुसरा शोधा.

आता चिमणी रोज चाळीस मिनिटं चालते. वजन ३०.५. थंडीत सकाळी पहिली दहा पावलं अडखळते, मग सुटते. बसते ती टाच आत घेऊन, दहातून आठ वेळा. खारींचा नाद सुटलेला नाही. एक्सेल शीटमध्ये आता डाव्या पायाचा पण कॉलम आहे. दर रविवारी टेप लावतो. उजवी मांडी डावीपेक्षा अजून एक सेंटिमीटरनं बारीक आहे, आणि बाई म्हणतात तेवढी राहील.

आई फोनवर आधी डाव्या पायाचं विचारते, चिमणीच्या. तिच्या स्वतःच्या डाव्याचं मी विचारलं की म्हणते, "पोळी देतोस का रे तिला अधूनमधून?"